काढलं की परत येतं: घरच्या एका कॉम्प्युटरमधल्या स्पायवेअरचा माग

"अरे, काढलं की दुसऱ्या दिवशी परत हजर," मावशी फोनवर म्हणाली. "तीन वेळा काढून झालं. आता तूच ये."

कॉम्प्युटर घरातला, सगळ्यांचा. काका त्यावर बँकेची आणि पत्रव्यवहाराची कामं करतात, मावसभाऊ कॉलेजचं काम करतो, मावशीचे 10-12 वर्षांचे फोटो त्यात आहेत. विंडोज 10, अकाउंट एकच आणि तेही ॲडमिनिस्ट्रेटरचं. तक्रार अशी: ब्राउझरचं होमपेज आपोआप बदललंय, काहीही शोधलं की आधी एक अनोळखी पान चमकून जातं आणि मग निकाल दिसतात, काही करत नसतानाही पंखा घरघरतो. आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर मात्र हिरवी खूण दाखवून सगळं ठीक आहे म्हणतो.

स्पायवेअरच्या, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बाबतीत सगळ्यांची पहिली धाव फाइल पुसण्याकडे असते. पण फाइल हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. ती फाइल परत आणून कोण बसवतं, हे सापडेपर्यंत काहीच काढलेलं नसतं. मला हे पुस्तकी माहीत होतं, तरी या कॉम्प्युटरवर मीही एकदा त्यातच फसलो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी ऐकून घेतलं

मशीनला हात लावण्याआधी अर्धा तास नुसतं विचारत बसलो. काकांना सवय आहे, कॉम्प्युटरवर काही नवीन केलं की वहीत नोंद करायची. वहीत 12 तारखेच्या संध्याकाळी लिहिलेलं होतं: "पीडीएफ जोडण्याचा प्रोग्राम टाकला. फुकट." त्यानंतर 14 तारखेला: "होमपेज बदलले. का?"

"नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो," काका म्हणाले. "मध्ये एकदा काळी झालेली स्क्रीन आली, परवानगी द्यायची का म्हणून. दिली."

त्यांचं काही फार चुकलं असं मला वाटत नाही. काम अडलं होतं, प्रोग्राम फुकट होता आणि त्याने पीडीएफ खरोखर जोडून दिल्या. पण त्या एका 'येस'ने त्या इन्स्टॉलरला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार मिळाले, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

मावसभावाने सांगितलेल्या तीन गोष्टी मी जशाच्या तशा लिहून घेतल्या. पहिली, ब्राउझरमधल्या अनोळखी एक्स्टेन्शनला, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला, काढायचं बटणच नाही. दुसरी, कंट्रोल पॅनलमधून प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तर इंटरनेटच बंद पडलं, म्हणून त्याने सिस्टिम रिस्टोर करून मशीन मागच्या तारखेला नेलं. तिसरी, नंतर हाताने फोल्डर उडवलं तर ते त्या दिवसापुरतं गेलं, पण रात्री बंद करून सकाळी सुरू केलं की परत होतं.

दुसरी गोष्ट ऐकूनच निम्मं कोडं सुटलं. प्रोग्राम काढल्यावर इंटरनेट बंद पडतं, कारण त्याने प्रॉक्सी लावलेली असते. ब्राउझरचा सगळा ये-जा करणारा मजकूर आधी मशीनमध्येच चालणाऱ्या त्या प्रोग्रामकडे जातो आणि तिथून बाहेर. प्रोग्राम गेला, पण सेटिंग तसंच राहिलं, की ब्राउझर बंद दारावर टकटक करत बसतो. लोकांना वाटतं आपण काहीतरी मोडलं, आणि ते रिस्टोर करतात. हा रिस्टोर पॉइंट 13 तारखेचा होता, म्हणजे इन्स्टॉल झाल्यानंतरचा. मावसभावाने बिचाऱ्याने मेहनत करून काढलेलं स्वतःच्या हाताने परत आणलं होतं.

प्रमाणपत्र

क्रोमच्या मेनूत अगदी तळाला एक ओळ होती: हा ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित केला जातो. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही ओळ असणं साहजिक आहे. घरच्या कॉम्प्युटरला कुठली संस्था? काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, त्यामुळे ओळ दिसली म्हणजे घात झालाच असं नाही. ॲड्रेसबारमध्ये क्रोम, मग कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी एवढं टाकलं की सगळे नियम समोर येतात. इथे एकच नियम होता, एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्याचा. काढायचं बटण का नाही, त्याचं उत्तर हे. हा नियम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लिहिलेला असतो, त्यामुळे ब्राउझर अनइन्स्टॉल करून परत टाकला तरी एक्स्टेन्शन पाठोपाठ येतं.

मग काकांच्या बँकेचं पान उघडलं. लॉगिन केलं नाही, नुसतं पान उघडलं. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे तिचा ओळखीचा दाखला, पाहिलं. 'जारी करणारा' या रकान्यात एक कधीही न ऐकलेलं नाव होतं. तेच पान माझ्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडलं, तर तिथे एका नावाजलेल्या प्रमाणपत्र संस्थेचं नाव. काकांना दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी धरून दाखवल्या.

"म्हणजे कुलूप दिसत होतं ते खोटं?"

कुलूप खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्याच दाराचं होतं. या प्रोग्रामने विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचं मूळ प्रमाणपत्र घुसवलं होतं, म्हणजे त्याने सही केलेला कुठलाही दाखला ब्राउझर खरा मानणार. ब्राउझर बँकेशी बोलतोय असं समजून मधल्या प्रॉक्सीशी बोलत होता. प्रॉक्सी मजकूर उघडून पाहत होती आणि परत बंद करून पुढे बँकेकडे पाठवत होती. शोधलेले शब्द, वाचलेली पानं, टाइप केलेला पासवर्ड, सगळं तिच्यासमोर उघडं. जाहिराती दाखवणारं उपद्रवी सॉफ्टवेअर आणि पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर यांत मी इथे रेष ओढतो. प्रमाणपत्र बदललेलं सापडलं की ते त्रासाचं प्रकरण राहत नाही, चोरीचं होतं.

तिथेच राउटरची केबल काढली आणि वाय-फाय बंद केलं.

पहिली सफाई, आणि फसणं

सिसइंटरनल्स या विंडोज तपासायच्या संचातली दोन साधनं मी पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो होतो, प्रोसेस एक्स्प्लोरर आणि ऑटोरन्स. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी 1996 मध्ये सुरू केलेलं हे काम 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, आणि ही साधनं आजही फुकट मिळतात. सोनी बीएमजीच्या ऑडिओ सीडी कॉम्प्युटरमध्ये गुपचूप रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर, बसवतात हे 2005 मध्ये उघड करणारे ते हेच रुसिनोविच.

प्रोसेस एक्स्प्लोरर म्हणजे या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामांची, म्हणजेच प्रोसेसची, यादी. तिच्यात दोन संशयित दिसले. दोघांची नावं निरर्थक अक्षरांची, दोघेही युजरच्या ॲपडेटा फोल्डरमधून चालणारे, कुणावरच कंपनीची डिजिटल सही नाही. एक बंद केला की दुसरा सेकंदाच्या आत त्याला परत उठवायचा. दुसऱ्याला बंद केलं की पहिला तेच करायचा. एकमेकांचे राखणदार. अशा वेळी मारायला जाऊ नये, आधी गोठवावं. उजवं क्लिक करून 'सस्पेंड'. गोठलेली प्रोसेस यादीत जिवंतच दिसते, त्यामुळे जोडीदाराला शंका येत नाही. दोन्ही गोठवल्यावर मग एकामागून एक बंद केल्या. या वेळी कुणी उठलं नाही.

ऑटोरन्स म्हणजे विंडोज सुरू होताना काय काय आपोआप चालतं त्याची संपूर्ण यादी. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या आणि सह्या तपासायला सांगायचं, की यादी आटोक्यात येते. सही न पटलेल्या ओळी गुलाबी दिसतात, फाइलच नसलेल्या पिवळ्या. लॉगॉनच्या टॅबमध्ये एक गुलाबी ओळ, सर्व्हिसेसमध्ये एक, आणि शेड्युल्ड टास्कमध्ये एक जिचं नाव एखाद्या नेहमीच्या अपडेटसारखं होतं. तिन्ही काढल्या. फोल्डर पुसलं. रजिस्ट्रीतल्या क्रोम आणि एज या दोन्ही ब्राउझरच्या पॉलिसी काढल्या. प्रॉक्सीच्या पानावर 127.0.0.1 हा पत्ता होता, म्हणजे हेच मशीन. ती बंद केली. मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत ते अनोळखी नाव शोधलं. त्याची वैधता सुरू झाल्याची तारीख होती 12, काकांच्या वहीतली. त्या यादीतलं दुसरं काहीही पुसू नये, नाहीतर धड साइटही उघडायच्या बंद होतात. मी ते एकच काढलं.

दोनदा रीस्टार्ट केलं, दहा-दहा मिनिटं थांबलो. सगळं शांत. मावशीला म्हटलं, झालं बहुतेक. केबल लावली, परत एकदा सुरू केलं, आणि पाचेक मिनिटांनी ॲपडेटा उघडून पाहिलं तर फोल्डर जागेवर. नाव नवीन, आतला माल तोच.

वाईट वाटलं, पण त्या अपयशातच माहिती होती. केबल नसताना येत नाही, केबल लावली की येतं. याचा अर्थ फाइल डिस्कवर कुठे दडवलेली नाही, ती दर वेळी बाहेरून उतरवली जाते. आणि उतरवून घेणारा अजून आत आहे.

उतरवून घेणारा

पुन्हा तीच सफाई केली. या वेळी सुरू होताक्षणी प्रोसेस एक्स्प्लोरर उघडून बसलो. त्यात नवी प्रोसेस हिरवी चमकते आणि संपणारी लाल. हे चमकणं जेमतेम एक सेकंद टिकतं, म्हणून ऑप्शन्समध्ये जाऊन तो वेळ वाढवून ठेवला. मावसभाऊ घड्याळ धरून बसला होता. चार मिनिटं होऊन काही सेकंद झाले आणि एक हिरवी ओळ आली, पॉवरशेल, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणारं विंडोजचं साधन. स्पेसबार दाबून यादी थांबवली. पॉवरशेलला कुणी जन्म दिला ते बघायचं होतं. वरच्या फांदीवर नाव होतं डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट.

डब्ल्यूएमआय ही विंडोजची स्वतःची यंत्रणा आहे. मोठ्या कार्यालयांत शेकडो मशीनवर नजर ठेवायला ती लागते. तिला सांगून ठेवता येतं की अमुक घडलं की तमुक चालव. यात तीन तुकडे असतात: काय घडायची वाट पाहायची ती अट, घडल्यावर चालवायची आज्ञा, आणि या दोघांची गाठ. हे तिन्ही डब्ल्यूएमआयच्या स्वतःच्या साठ्यात राहतात. फोल्डरमध्ये शोधून सापडत नाहीत, स्टार्टअपच्या यादीत दिसत नाहीत, टास्क शेड्युलरलाही त्यांचा पत्ता नसतो. इथे अट होती, मशीन सुरू होऊन चार मिनिटं झाली की. आज्ञा होती, पॉवरशेल चालवून एका पत्त्यावरून फाइल उतरव आणि सुरू कर. मावसभावाचं काम दर सकाळी का वाया जात होतं, ते आता कळलं.

ऑटोरन्समध्ये डब्ल्यूएमआयचा वेगळा टॅब आहे. मी पहिल्या वेळी तीन टॅब बघून उठलो होतो. सगळं एकत्र दाखवणारा 'एव्हरीथिंग' टॅब सावकाश खालपर्यंत वाचला असता तर एक फेरी वाचली असती. ती नोंद काढली. इथे एक सांभाळायचं: एससीएम इव्हेंट लॉग नावाची एक नोंद विंडोजची स्वतःची असते, तिला हात लावायचा नाही.

तिसरी सफाई, केबल लावून रीस्टार्ट, घड्याळ. चार मिनिटं. पाच. दहा. पॉवरशेल आलं नाही.

डिफेंडर इतके दिवस गप्प का होता, तेही पाहिलं. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस संरक्षणाच्या सेटिंग्जमध्ये अपवादांची यादी असते. तिथे पूर्ण सी ड्राइव्ह लिहिलेला होता. पहारेकऱ्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की घरात बघू नकोस. हिरवी खूण म्हणून अबाधित होती. अपवाद काढला आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे कुणी राखणदार जागाच झालेला नसतो. पंधराएक मिनिटं लागली. डाउनलोड्समधला तो मूळ पीडीएफचा इन्स्टॉलर त्याने पकडला.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) आणि होस्ट्स फाइल (असेच पत्ते मशीनवर लिहून ठेवणारी) मशीनवर तपासली, राउटरमध्ये जाऊन तिथलंही डीएनएस पाहिलं. राउटर विसरण्याची चूक जुनी आहे. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने जगभरात सुमारे 40 लाख कॉम्प्युटरांचं डीएनएस बदललं होतं, आणि त्यातले काही प्रकार राउटरचं सेटिंगही बदलायचे. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने ती टोळी पकडली. तरी बाधित लोकांचं इंटरनेट एकदम बंद पडू नये म्हणून पर्यायी सर्व्हर 9 जुलै 2012 पर्यंत चालवावे लागले. इथे राउटर स्वच्छ होता. त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड मात्र कुणी कधी बदलला नव्हता, तो बदलला.

जाता जाता एक. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस आहेत" अशा ज्या खिडक्या उजव्या कोपऱ्यात येत होत्या, ज्यांना मावशी सगळ्यात जास्त घाबरली होती, त्यांचा या स्पायवेअरशी संबंधच नव्हता. कधीतरी एका साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढायला एक मिनिट लागलं.

खाती

मशीन साफ झालं म्हणून बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. 12 तारखेपासून जे जे या ब्राउझरमध्ये टाइप झालं ते गेलं असं धरूनच चाललो. काकांच्या फोनवरून, या कॉम्प्युटरवरून अजिबात नाही, आधी ईमेलचा पासवर्ड बदलला. ईमेल आधी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड रीसेट करायच्या लिंक तिथे येतात. मग बँक, मग बाकीचे. बँकेला फोन करून सांगितलं आणि मागचे व्यवहार ओळीने तपासले. पैसे गेले नव्हते.

ईमेलमध्ये मात्र, कुठल्या कुठल्या मशीनवर लॉगिन आहे त्या यादीत घरातलं कुणीच ओळखेना असं एक नाव होतं, दोन दिवसांपूर्वीचं. काका बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. लॉगिन झाल्यावर ब्राउझरकडे जी कुकी राहते तीच चोरली की पासवर्ड किंवा ओटीपी लागतच नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करावं लागतं. ते केलं. मेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा नियम कुणी लावलाय का, रिकव्हरीचा नंबर बदललाय का, तेही पाहिलं. दोन्ही ठीक होतं. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली.

काकांचा प्रश्न

रात्री निघायच्या वेळी काकांनी विचारलं, "आता यावर बँकेचं काम करू ना?"

मला हो म्हणता आलं नाही.

सापडलं ते सगळं काढलं होतं. पण त्या प्रोग्रामकडे 12 दिवस ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार होते, आणि डब्ल्यूएमआयची नोंद मला पहिल्या फेरीत दिसली नव्हती. न दिसलेलं आणखी काही नाहीच, असं कुणाला छातीवर हात ठेवून सांगणार? गेम खेळायचं मशीन असतं तर मी तिथे थांबलो असतो. ज्यावरून पैसे हलतात त्या मशीनवर विंडोज नव्याने टाकावं, असं माझं ठाम मत आहे.

मावसभाऊ म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, फॉरमॅट मारूया. मग एवढं शोधलं कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्याच्याच एक्स्टर्नल ड्राइव्हवर होतं. फॉरमॅटच्या तयारीने त्याने आधीच पूर्ण युजर फोल्डरचा बॅकअप घेतला होता, आणि त्यात डाउनलोड्समधला तो इन्स्टॉलर आणि ॲपडेटातलं ते फोल्डर, दोन्ही होती. पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारला असता तर नव्या विंडोजवर हेच परत ओतलं गेलं असतं. शिवाय बँकेच्या पानाचं प्रमाणपत्र कुणी पाहिलंच नसतं, पासवर्ड तेच राहिले असते, आणि ईमेलमधलं ते अनोळखी लॉगिन तसंच चालू राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज 11 तयार केलं. 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, आणि या मशीनमध्ये 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप होती, म्हणून पुन्हा 10 टाकण्यात अर्थ नव्हता. सेटिंग्जमधलं रीसेट वापरलं नाही, कारण ते चालू विंडोजच्या आतून सुरू होतं आणि माझा त्या विंडोजवर विश्वास उरला नव्हता. पेन ड्राइव्हवरून बूट करून जुनी सगळी पार्टिशन पुसली. बॅकअपमधून फक्त फोटो, कागदपत्रं आणि पीडीएफ परत घेतल्या, त्याही स्कॅन करून. कुठलाही प्रोग्राम, कुठलाही इन्स्टॉलर घेतला नाही. मावशी शेजारी बसून एकेक फोल्डर उघडून फोटो आहेत ना ते बघत होती.

काकांचं अकाउंट आता साधं आहे. ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं केलं आणि त्याचा पासवर्ड मावसभावाकडे ठेवला. काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड लागतो, म्हणजे दोघांनी मिळून ठरवावं लागतं. काकांना हे आवडेल की नाही अशी मला धाकधूक होती. त्यांनी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: "विंडोज नवीन. बँकेचे पान उघडून प्रमाणपत्र पाहिले. नाव बरोबर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे दर वेळी कसं बघायचं, ते एकदा परत दाखव. सावकाश."